लॉगमध्ये नाव ईएक्सटी४चं, घोळ ब्लॉक लेयरचा: लिनक्स कर्नल ४.१९च्या डेटा करप्शनचं प्रकरण

डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये, ही ओळ दिसली तर पहिला संशय कोणावर जाईल ते आधी मनात ठरवून ठेवा. ईएक्सटी४-एफएस (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) एरर, डिव्हाइस एसडीए१, फंक्शन ईएक्सटी४_आयगेट, आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी डिस्कवरची नोंद) ७१४२, ती वाचणारा प्रोग्राम डीपीकेजी-क्वेरी, आणि तक्रार काय तर बॅड एक्स्ट्रा_आयसाइझ २४९३७, आयनोड साइझ २५६.

बहुतेक जण म्हणणार डिस्क गेली, नवीन मागवा. थोडे जाणकार म्हणणार फाइलसिस्टिममध्ये बग आहे कारण ओळीवर नावच ईएक्सटी४चं आहे. २०१८च्या नोव्हेंबरात दोन्ही बाजूंनी हेच चाललं होतं आणि दोन्ही बाजू चुकल्या होत्या. डिस्क ठणठणीत होती, ईएक्सटी४चा कोडही बरोबर होता. घोळ त्या दोघांच्या मधल्या थरात, वाचन-लेखनाच्या रिक्वेस्ट ड्रायव्हरपर्यंत पोचवणाऱ्या ब्लॉक लेयरमध्ये होता आणि त्या मधल्या थराने लॉगमध्ये एक अक्षर लिहिलं नव्हतं. स्टोरेज ड्रायव्हरमध्ये करप्शनची एरर कशी हाताळायची, काय लॉग करायचं यावर खूप लिहिलेलं सापडतं, पण ते सगळं हे धरून चालतं की ज्याने चूक केली तोच बोंब मारेल. इथे तसं झालं नाही म्हणून हे प्रकरण सविस्तर.

काय झालं होतं

कर्नल ४.१९ आला २२ ऑक्टोबर २०१८ला. लिनस टोरवाल्ड्स तेव्हा सुट्टीवर होते, रिलीझ ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काढला, आणि हा लाँगटर्म, म्हणजे बरीच वर्षं दुरुस्त्या मिळणारा, कर्नल होता म्हणजे डिस्ट्रोवाले, सर्व्हरवाले सगळे यावर येणार हे ठरलेलं. १३ नोव्हेंबरला कर्नलच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवायच्या साइटवर, २०१६८५ नंबरचा बग पडला, विषय ईएक्सटी४ फाइलसिस्टिम करप्शन. मग एकेक करत लोक जमा झाले, कोणाचा लॅपटॉप, कोणाचा सर्व्हर, वेगवेगळे कंट्रोलर, वेगवेगळी कॉन्फिग, आणि सगळ्यांचं रडगाणं साधारण एकच की ४.१८वर छान चालत होतं, ४.१९ टाकला आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी फाइलसिस्टिम खराब.

ईएक्सटी४चे मेंटेनर टेड त्सो. त्यांच्या हातात रिग्रेशन टेस्टचा, म्हणजे आधी चालणारं काही नव्या बदलाने बिघडलं का ते बघणाऱ्या टेस्टचा, मोठा संच असतो आणि त्या टेस्टमध्ये हे दिसतच नव्हतं. आता मेंटेनरच्या जागी बसून बघा, लॉगवर नाव तुमच्या सबसिस्टिमचं, लोक तुमच्याकडे बोट दाखवतायत, तुमच्या मशीनवर काहीच होत नाहीये, आणि रिपोर्ट करणाऱ्यांमध्ये समान धागाही सापडत नाही. बग सापडायला जे आठवडे गेले त्यातले बरेचसे या एका ओळीवरच्या नावामुळे गेले असं माझं मत आहे.

डिस्कवर संशय घेणाऱ्यांनी काय तपासलं तेही बघू. डिस्क खरंच मरायला लागली की लिनक्समध्ये ती एकटी मरत नाही, खालपासून वरपर्यंत आरडाओरडा होतो. साटा डिस्क असेल तर लिबएटीए (कर्नलमधला साटाचा ड्रायव्हर थर) यूएनसी, म्हणजे दुरुस्त न झालेली एरर, म्हणून सांगतो, स्कझी लेयर सेन्स की मीडियम एरर आणि अनरिकव्हर्ड रीड एरर छापतो, ब्लॉक लेयर त्याच्या भाषेत क्रिटिकल मीडियम एरर म्हणून सेक्टर नंबरसकट ओळ टाकतो, आणि मग फाइलसिस्टिम रडते. केबल खराब असेल तर आयसीआरसी (केबलवरच्या चेकसमची एरर) दिसतं आणि स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यातला, १९९ नंबरचा काउंटर वाढतो. सेक्टर मरत असतील तर ५ आणि १९७ नंबर वाढतात. या प्रकरणात ईएक्सटी४ची ओळ होती, तिच्याखाली शांतता.

ही शांतता हाच पुरावा होता. पण लॉग वाचताना आपण असलेल्या ओळी वाचतो, नसलेल्या ओळी वाचायची सवय कोणाला नसते. डिस्क सेक्टर वाचताना स्वतःचा ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणारा कोड) तपासते आणि जमलं नाही तर एरर देते, चुकीचा डेटा बरोबर म्हणून देणं तिच्याकडून फार क्वचित होतं. त्यामुळे वरती कचरा आणि खाली एकही एरर नाही असं दिसलं की कचरा डिस्क आणि फाइलसिस्टिमच्या मधे कुठेतरी तयार झालाय ही शक्यता एकदम वर यायला हवी. रॅम, डीएमए (प्रोसेसरला वगळून डिव्हाइस आणि रॅममध्ये थेट होणारी ने-आण), ड्रायव्हर, ब्लॉक लेयर, यातलं काहीतरी.

तो २४९३७

आता त्या आकड्याकडे जरा थांबून बघा, कारण लॉगमध्ये खराब व्हॅल्यू छापायची की नुसतं "आयनोड खराब" लिहायचं यात किती फरक पडतो ते इथे कळतं.

ईएक्सटी४चा मूळ आयनोड १२८ बाइटचा, आजकाल २५६चा बनवतात, आणि वरच्या १२८पैकी किती वापरलेत ते एक्स्ट्रा_आयसाइझमध्ये लिहिलेलं असतं. नेहमी ते ३२ असतं. १२८च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून कर्नलने बरोबर पकडलं. पण २४९३७ कुठून आला? हेक्झमध्ये, म्हणजे १६च्या पायात, करा, ६१६९ येतो. लिटल एंडियन, म्हणजे खालचा बाइट आधी, तेव्हा डिस्कवरच्या क्रमाने ६९ आणि मग ६१. आस्कीमध्ये हे दोन्ही बाइट म्हणजे इंग्रजी स्मॉल लेटर, आय आणि ए. म्हणजे जिथे आयनोड असायला हवा तिथे कुठल्यातरी टेक्स्टचा तुकडा बसला होता असं दिसतंय. दोन बाइटवरून कोणाला फाशी देता येत नाही हे मान्य, कुठलेही दोन बाइट घेतले तर दोन्ही स्मॉल लेटर निघायची शक्यता शंभरात एकच्या आसपास असते, पण दिशा मिळते ना. आणि मूळ व्हॅल्यू ३२ होती असं धरलं तर ३२चा २४९३७ व्हायला एकदम सहा बिट फिरायला लागतात, म्हणजे रॅममधला एखादा बिट उलटला ही थिअरीही इथे बसत नाही. राहतं काय, तर चुकीच्या जागेचा किंवा जुना डेटा या बफरमध्ये बसलाय. हे सगळं त्या एका छापलेल्या आकड्यावरून निघतं. आजूबाजूचे १६-३२ बाइट पण छापले असते तर कुठल्या फाइलचा तुकडा आहे तेही कदाचित ओळखू आलं असतं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवाले हे करतात, मेटाडेटा खराब निघाला की त्या बफरचे सुरुवातीचे बाइट हेक्झमध्ये लॉगला टाकतात, लोकांना तो डंप बघून घाबरायला होतं पण तपास करणाऱ्यासाठी तो सोन्यासारखा.

मग नक्की कुठे बिघडलं

४.१९मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी आल्या. एक म्हणजे स्कझीसाठी (डिस्कला कमांड देणारा कर्नलचा थर) ब्लॉक-एमक्यू, म्हणजे मल्टिक्यू वाला नवीन रस्ता, डीफॉल्ट झाला. ४.१३च्या वेळी हे एकदा करून परत मागे घेतलं होतं, आता कायमचं आलं. लिनक्समध्ये साटा डिस्क पण लिबएटीएमार्गे स्कझीच्याच खाली येतात म्हणून त्या एसडीए, एसडीबी दिसतात, तेव्हा हा बदल म्हणजे घरोघरच्या डिस्कला लागू. दुसरी गोष्ट मिंग ले यांचा एक पॅच. शेड्युलर, म्हणजे रिक्वेस्टचा क्रम लावणारा भाग, 'नन' (कुठलाच नाही) ठेवला असेल आणि हार्डवेअर क्यू रिकामी असेल तर रिक्वेस्ट रांगेत न घालता थेट ड्रायव्हरला देऊन टाका, वेग वाढतो. कल्पना अगदी रास्त आहे.

प्रॉब्लेम होतो ड्रायव्हर "आत्ता बिझी आहे" म्हणाला की. बिझी ही एरर नसते, रोजची गोष्ट आहे. साटाचं उदाहरण घ्या, लिबएटीए एनसीक्यू (डिस्कला एकावेळी अनेक कमांड द्यायची पद्धत) आणि बिगर-एनसीक्यू कमांड एकत्र चालू देत नाही, एका प्रकारची चालू असेल तर दुसऱ्या प्रकारच्या कमांडला थांब म्हणून परत पाठवतो. अशा वेळी ब्लॉक लेयरने ती रिक्वेस्ट परत साध्या रांगेत टाकायची आणि नंतर पुन्हा द्यायची. पण बिझी म्हणेपर्यंत स्कझी लेयरने त्या रिक्वेस्टची तयारी करून ठेवलेली असू शकते, कमांड बनवली, कुठल्या पानांमध्ये डेटा जायचा त्याची स्कॅटर-गॅदर टेबलं भरली, आणि "तयारी झालेली आहे, पुन्हा तयारी करू नको" असा झेंडाही लावला. आता ही रिक्वेस्ट साध्या रांगेत पडलीये आणि रांगेत पडलेल्या रिक्वेस्टला शेजारच्या सेक्टरची दुसरी रिक्वेस्ट जोडायचा, म्हणजे मर्ज करायचा, ब्लॉक लेयरला पूर्ण हक्क आहे. तो जोडतो. रिक्वेस्ट मोठी झाली, टेबलं जुन्या मापाचीच राहिली.

ट्रान्सपोर्टवाल्याकडे दहा पोत्यांचं चलन फाडून झालं, टेम्पो सुटायला उशीर झाला, तेवढ्यात मागच्या काउंटरवरच्या माणसाने वहीत त्याच फेरीच्या नावावर अजून पाच पोती चढवली, ड्रायव्हरला कोणी सांगितलंच नाही. तो चलनाप्रमाणे दहा पोती पोचवून सही घेऊन आला. त्याची काय चूक?

म्हणजे डिस्कने आणि लो-लेव्हल ड्रायव्हरने जे सांगितलं ते तंतोतंत केलं, रिक्वेस्टच्या फक्त मूळ भागाचं वाचन-लेखन झालं, वाढलेल्या रूपाचं नाही, आणि वर जे मागितलं होतं आणि जे हातात पडलं त्यांचा मेळ सुटला. स्कझी कमांडमध्ये अंडरफ्लो नावाचं एक फील्ड असतं, एवढ्यापेक्षा कमी डेटा आला तर एरर समजा असं सांगणारं, मग ते का ओरडलं नाही असं कोणी विचारेल. ते पण त्याच तयारीच्या वेळी भरलं जातं, जुन्या मापाने. तपासणारा आकडा आणि चुकलेला आकडा एकाच हाताने एकाच वेळी लिहिलेला असेल तर तपासणी कायम पास होणार, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोचणारं वाटतं, कारण आपल्यातले कितीतरी जण ड्रायव्हरमध्ये अशाच तपासण्या लिहून निवांत असतात.

आता हे सगळ्यांनाच का होत नव्हतं तेही कळतं. स्कझीखालची डिस्क पाहिजे, शेड्युलर नन पाहिजे, थेट पाठवताना बिझी परत यायला पाहिजे, आणि रिक्वेस्ट पुन्हा ड्रायव्हरकडे जायच्या आत तिला मर्ज मिळायला पाहिजे. एमक्यू-डेडलाइन वगैरे शेड्युलर लावून बसलेल्यांना हा थेट रस्ता लागतच नव्हता. बगझिलावर जमलेल्यांना आपल्यात समान काय ते सापडेना कारण ते बघत होते डिस्कचा ब्रँड, चिपसेट, माउंट ऑप्शन, आणि समान होता एक शेड्युलर, जो कोणाच्याही एरर लॉगमध्ये येत नाही.

शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायसेक्ट करून, म्हणजे चांगल्या आणि खराब आवृत्तीच्या मधले बदल निम्मे-निम्मे करत तपासून, बोट त्या थेट पाठवण्याच्या कमिटवर, म्हणजे कोडमधल्या त्या एका बदलावर, आलं. अशा बगचं बायसेक्ट म्हणजे डोकेदुखी, कारण "खराब" लगेच कळतं पण "चांगला" कधीच खात्रीने म्हणता येत नाही, अजून तासाभराने फुटला असता तर? एक चुकीचा "चांगला" दिला की पुढचं सगळं बायसेक्ट भलत्याच कमिटवर जाऊन बसतं. ज्या युझरने हे नेटाने केलं त्याला सलाम.

दुरुस्ती दोनदा

ब्लॉक लेयरचे मेंटेनर येन्स ॲक्सबो यांनी पहिला पॅच टाकला तो सोपा होता, थेट पाठवायचा प्रयत्न फसला की त्या रिक्वेस्टवर "मर्ज करू नका" असा शिक्का मारायचा. करप्शन थांबलं, पण त्यासोबत रीड-राइट सोडून बाकी रिक्वेस्टना थेट रस्ता बंद केला होता आणि त्यामुळे डिव्हाइस मॅपरची (डिस्कवर दुसरं आभासी डिव्हाइस रचणारा कर्नलचा भाग) अडचण झाली. तो खालच्या क्यूला रिक्वेस्ट देताना आधी थेटच देऊन बघतो, काही प्रकारच्या रिक्वेस्ट आता कितीही वेळा दिल्या तरी नाकारल्याच जाणार, मग तो पुन्हा पुन्हा देत बसतो आणि काम पुढे सरकत नाही, याला म्हणतात लाइव्हलॉक. लगेच दुसरा पॅच आला, मिंग ले यांच्याच कल्पनेवर बेतलेला, आणि त्याने पहिला जवळजवळ उलटवला. एकदा ड्रायव्हरच्या दारात जाऊन आलेली रिक्वेस्ट परत साध्या रांगेत टाकायचीच नाही, ती हार्डवेअर क्यूच्या डिस्पॅच लिस्टमध्ये टाकायची, तिथे मर्ज होतच नाही. नेहमीचा, थेट नसलेला रस्ता पहिल्यापासून हेच करत होता. दुसरी दुरुस्ती मला जास्त पटते कारण शिक्का मारायला कोणीतरी विसरू शकतं पण लिस्टच वेगळी असली की विसरायला काही उरत नाही. ८ डिसेंबरला ४.१९.८ आला, पुढच्या दिवशी ४.२०-आरसी६, त्यात हे मिटलं.

लॉगिंगच्या बाजूने बघितलं तर

कोणी म्हणेल मग बिझी आला की लॉग करा ना. नको. वर्दळीच्या डिस्कवर बिझी इतक्यांदा येतो की लॉग त्यानेच भरेल आणि कामाची ओळ वाहून जाईल. अशा गोष्टींसाठी ट्रेसपॉइंट, म्हणजे हवं तेव्हाच चालू करता येणारे नोंदीचे बिंदू, असतात, ब्लॉक लेयरमध्ये रिक्वेस्ट घातली, पाठवली, परत रांगेत आली, मर्ज झाली, पूर्ण झाली या प्रत्येक टप्प्याला ट्रेसपॉइंट आहे, हवा तेव्हा चालू करा. एरर लॉगमध्ये मात्र एका करप्शनच्या ओळीने तीन गोष्टी सांगाव्यात असं मला वाटतं, पकडलं कोणी आणि कुठल्या तपासणीत, अपेक्षित काय होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं, आणि डिव्हाइसवरचा पत्ता. ईएक्सटी४च्या ओळीत पहिल्या दोन होत्या म्हणून आपण इतकं बोलू शकलो.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड म्हणजे सगळं उचलून ईआयओ या एकाच सरसकट "वाचन-लेखन फसलं" कोडमध्ये कोंबायचं. लिनक्समध्ये ४.१३पासून ब्लॉक लेयरचे स्वतःचे स्टेटस कोड आहेत, मीडियम एररला वेगळा, प्रोटेक्शन म्हणजे चेकसम न जुळण्याला वेगळा, आणि वर जाताना त्यांचे एररनोही, म्हणजे प्रोग्रामला मिळणारे एरर नंबरही, वेगळे होतात, मीडियमचा ईनोडेटा, प्रोटेक्शनचा ईआयएलसेक. डिस्कला वाचता आलं नाही आणि वाचलं पण ते खोटं निघालं, या दोन बातम्यांवर करायची कृती वेगळी असते. पहिल्यात रेडच्या (एकच डेटा अनेक डिस्कवर ठेवायची पद्धत) दुसऱ्या कॉपीवरून सेक्टर परत लिहून टाकता येतो. दुसऱ्यात घाईने लिहायला जाल तर चांगल्यावर कचरा लिहाल, आधी कोण खोटं बोलतंय ते शोधायला लागतं. विंडोजवर पण हीच विभागणी दिसते, इव्हेंट ७ डिस्क सोर्सकडून बॅड ब्लॉकचा, ११ कंट्रोलर एररचा, आणि ५५ एनटीएफएसचा. नुसता ५५ असेल आणि आजूबाजूला ७ किंवा ११ काहीच नसेल तर चित्र ४.१९सारखंच आहे, डिस्क बदलायच्या आधी मधले थर बघा.

चेकसम असता तर? डिस्कवरच्या प्रत्येक ५१२ बाइटला ८ बाइट जोडणारी टी१० प्रोटेक्शनची पद्धत आहे, २ बाइट सीआरसी, २ ॲप टॅग, ४ रेफरन्स टॅग, आणि टाइप १मध्ये रेफरन्स टॅग म्हणजे सेक्टरच्या पत्त्याचे खालचे ३२ बिट. भलत्या सेक्टरचा डेटा इथे बसला तर टॅगवरून कळतं. पण ते महागड्या सर्व्हर डिस्कवर मिळतं आणि होस्टपर्यंत नीट जोडलेलं असेल तरच मधला थर पकडला जातो, डिस्कपुरतं ठेवलं तर या बगला काही फरक पडला नसता. साध्या साटा डिस्कवर डीएम-इंटेग्रिटी (डिव्हाइस मॅपरचा चेकसम ठेवणारा थर) किंवा स्वतः डेटाचा चेकसम ठेवणारी फाइलसिस्टिम एवढेच पर्याय. तरी ते पकडलं असतं एवढंच, थांबलं नसतं.

आणखी एक गोष्ट जी या धांदलीत लोकांना नडते. रूट फाइलसिस्टिमवर एरर आली आणि माउंट ऑप्शन एरर्स=रीमाउंट-आरओ असेल तर त्या क्षणी डिस्क रीड-ओन्ली होते, चांगलंच आहे, पुढची नासाडी थांबते, पण लॉग त्याच डिस्कवर जात असतो! रीबूट केलं की सगळ्यात महत्त्वाची ओळ गायब. ईएक्सटी४ने यावर उपाय केलेला आहे, पहिली आणि शेवटची एरर, वेळ, फंक्शनचं नाव, ओळ नंबर, आयनोड हे सुपरब्लॉकमध्ये (फाइलसिस्टिमच्या मुख्य नोंदीत) लिहून ठेवतं आणि एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) होईपर्यंत रोज एकदा डीमेसेजला आठवण करून देतं. पहिली एरर वेगळी जपणं हे फार शहाणपणाचं आहे कारण करप्शनमध्ये पहिल्यानंतरच्या शेकडो ओळी बहुधा तिचीच पिल्लं असतात, आणि रेटलिमिट, म्हणजे ठरावीक वेळात किती ओळी छापायच्या याची मर्यादा, लावलेला ड्रायव्हर नेमकी कुठली ओळ गिळेल सांगता येत नाही. बाकी सर्व्हरवर लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, नेटकन्सोल (कर्नलचा लॉग थेट नेटवर्कवर पाठवणारी सोय) लावा, काहीतरी करा. आणि रीमाउंट झालं की रीबूट मारायच्या आधी डीमेसेजचा फोटो काढला तरी चालेल, हसू नका, फोटोवरून बग सापडलेत.

ज्यांनी ४.१९.० ते ४.१९.७च्या मधलं काही नन शेड्युलरवर चालवलं होतं त्यांचं काम ४.१९.८ टाकून संपलं नाही. कर्नल बदलल्याने नवीन कचरा थांबतो, लिहून झालेला तसाच राहतो. एफएससीके मेटाडेटा जुळवून देतो, फाइलच्या आत काय बसलंय ते त्याला कळत नाही, त्यामुळे "क्लीन" आलं म्हणून सुटलो असं नाही. पॅकेजच्या फाइल डेबियनवर डेबसम्सने किंवा आरपीएम वापरणाऱ्या डिस्ट्रोवर त्याच्या व्हेरिफायने तपासता येतात, फरक निघाला तर पॅकेज परत टाका. स्वतःच्या फोटो, डेटाबेस, कागदपत्रांसाठी ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप घेऊन फाइलनुसार चेकसम लावून तुलना करायची, आणि त्या काळात घेतलेले बॅकअप त्याच कर्नलवरून वाचून घेतलेले असल्यामुळे ते वेगळे बाजूला ठेवायचे, जुन्यावर ओव्हरराइट करायचे नाहीत.